कपाटाची फळी

मी फळी बोलतेय. केस कापायच्या दुकानात खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकून लहान पोरांना उंच बसवतात ना, तीच. एका दुपारी माझ्या मनात जे आलं, त्याची मला अजून लाज वाटते. ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलंय.

माझं घराणं काही सागाचं नाही. दुकानाचे आरसे ज्या खोक्यातून आले, त्या खोक्याची मी एक बाजू. अप्पांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला मापात कापली, पॉलिशपेपरने घासघास घासली आणि कुठे कुसळ राहिलं नाही ना, हे बघायला माझ्यावरून स्वतःचा गाल फिरवला. माझ्यावर पहिला बसला तो त्यांचाच मुलगा, दोन वर्षांचा. त्याने रडून गल्ली डोक्यावर घेतली.

पुढे गावातली निम्मी पोरं माझ्यावर बसली. लाथा झाडणारी, बिस्किटाचा चुरा सांडणारी, काही तर मला भिजवून उठणारी. अप्पा कधी चिडले नाहीत. "झालं, झालं" म्हणत एका हाताने डोकं धरायचे आणि दुसऱ्याने काम उरकायचे.

मुलगा मोठा झाला, तशी त्याला आमची लाज वाटायला लागली. वर्गातलं कुणी केस कापायला आलं की हा मागच्या दाराने पसार. वडील काय करतात असं विचारलं, तर "ऑफिसात असतात" म्हणून मोकळा. शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला, संसार थाटला. तिथेही त्याने ऑफिसच सांगितलं. अप्पांना सगळं ठाऊक होतं. फोनवर नातीला तोंड दाखवायचं असलं की ते इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत जाऊन बसायचे, मागे आरसा दिसायला नको म्हणून.

मग निरोप आला की पाच वर्षांच्या लेकीला गाव दाखवायला आणतोय. ती पहिल्यांदाच येणार होती. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. अप्पांनी बाहेरची पाटी उतरवली, आरशांवर चादरी टाकल्या, खुर्ची झाकली, कात्र्या डब्यात घातल्या आणि मला कपाटामागे उभी केली. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोटच्या पोराची मान खाली जायला नको, एवढंच त्यांच्या मनात.

बापलेक आले. मुलाने चादरी बघितल्या आणि समजायचं ते समजला. नुसता बुटांच्या नाड्या सोडत बसला. सकाळभर त्याने लेकीला आपली शाळा दाखवली, पोहायला शिकला ते तळं दाखवलं. दुपारी घरात शोधाशोध करताना तिने मला कपाटामागून ओढून काढली आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

"ती होय? कपाटाची फळी आहे, बाळा," अप्पा म्हणाले.

मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कपाटाची फळी! अंगावर कपड्यांच्या घड्या, कुणाची रड नाही की ओल नाही. क्षणभर मी भलत्याच तोऱ्यात होते.

तेवढ्यात शेजारच्या काकू नातवाला घेऊन दारात. त्या पठ्ठ्याने घरातली कात्री स्वतःच्याच डोक्यावर चालवली होती, समोर चांगली पायवाट पडली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत फोटो होता. "अप्पा, तेवढं सारखं करून द्या," काकू म्हणाल्या, "आणि पाटी का हो उतरवलीत?"

अप्पांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने नजर चुकवली. मग अप्पा काकूंना म्हणाले, "तुमचं घर चुकलंय. इथं केस कापत नाहीत."

तीस वर्षांचा शेजार. काकूंच्या सासऱ्यांची अखेरच्या आजारातली दाढीसुद्धा अप्पांनीच घरी जाऊन केलेली. काकूंनी एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि नातवाला घेऊन निघून गेल्या.

माझा तोरा उतरला. ज्या खोट्यापायी अप्पांवर ही पाळी आली, त्याच खोट्यावर मी मघाशी खूश झाले होते. तोंड लपवावं, तर मी पोरीच्या हातात.

"आजोबा, काकू तर तुम्हाला अप्पा म्हणाल्या," पोर म्हणाली. "मग घर कसं चुकलं?"

अप्पा चादरीचं टोक उगाच नीट करत राहिले. मुलगा लेकीसमोर उकिडवा बसला.

"काकू चुकल्या नाहीत. हे आजोबांचं दुकान आहे. ऑफिसचं मी खोटं सांगितलं होतं. आजोबा माझं खोटं सांभाळतायत."

"का?"

"मला लाज वाटायची."

"आजोबांची?"

तो "हो" म्हणाला. अप्पांच्या समोर म्हणाला. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याला वर बघवेना.

मग तोच उठून काकूंना बोलवायला गेला. काकू आल्या. अप्पांनी मला खुर्चीवर आडवी टाकली, नातवाचे केस होतील तितके सारखे केले. काकू मुलाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. खाली पडलेले केस त्याने झाडून काढले, जायच्या आधी पाटीही परत लावली.

आता मला मधोमध चीर गेली आहे, फार दिवस काम होईलसं वाटत नाही. जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्या घरचं कुणी तुमच्यासाठी असं खोटं बोलत असेल, तर त्याला वेळेवर थांबवा. आमच्याकडे थोडा उशीर झाला. लाज वाटायची ती मुलाला आणि मला, पण काकूंच्या दारावरून जाताना अप्पाच अजून मान खाली घालून जातात.