दीड हाताची वायर

फोन निवडायला गुरप्पांना अर्धा तास लागला.

लाइनमन श्रीमंतनं पिशवीतून दोन काढले. दोन्ही काळे, दोन्ही सारखेच जड, दोन्हींच्या तबकडीवर तेच आकडे. गुरप्पांनी बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं एकेकाला बोटाच्या पेरानं वाजवलं. न जोडलेल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून ऐकला. मग शेजारच्या रेवणप्पांना ऐकवला. अर्ज एकाहत्तर साली केला होता, आता सत्त्याहत्तर उजाडलं होतं. मग आजच घाई कशाला?

"ह्योच," ते शेवटी म्हणाले. "ह्याचा आवाज भारदस्त हाय."

"मालक, त्यातनं आवाज अजून आलाच न्हाय," श्रीमंत म्हणाला. "बसवायचा कुटं?"

याला मात्र पापणी लवायचाही वेळ लागला नाही. गुरप्पांनी आपल्या गादीशेजारची भिंत दाखवली. मधल्या दाराआड त्यांची बायको सिद्धम्मा उभी होती. तिच्याकडं मान वळली नाही.

गादीपासून भिंत: दीड हात.
वायर: दीड हात.
गादीपासून मधलं दार: नऊ हात.

त्या नऊ हातांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेंगांचे व्यापारी बसत. पुरुषमाणसं बसली की या घरातल्या बायका मधलं दार ओलांडत नसत. तशी पाटी कुणी लावली नव्हती. सासू ओलांडत नव्हती म्हणून सिद्धम्मा ओलांडत नव्हती. तीस वर्षं.

"अवो," ती दाराआडून म्हणाली, "मधल्या घरात बसवा की. मला नागव्वाशी बोलायचं हाय."

"मग बोल की. कोण नको म्हणतंय?"

"तितं? पाच जणांच्या पुढ्यात?"

"मी बोलतो, तुला सांगतो. हाय काय त्यात?"

"श्रीमंतदादा, वायर तरी लांब द्या."

"अक्का, खात्याची वायर एवढीच असती. लांब पायजे तर मालकांच्या सहीनं दुसरा अर्ज."

मालक हसले. रेवणप्पा त्याहून मोठ्यानं हसले. "वैनी, अमेरिकेत म्हणं बिनवायरीचा फोन निघालाय. हातात घेऊन चुलीपाशी जावा, न्हाणीत जावा."

"मग तसला आणा की!"

"आन तुमी न्हाणीतनं बोलणार?"

सगळी बैठक हसली. श्रीमंतसुद्धा.

सिद्धम्माची कानशिलं तापली. हसायला काय झालं? लेक नागव्वाला गुलबर्ग्याला देऊन आठ महिने झाले होते. सातवी शिकलेली पोरगी. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला तिलाच उठवायचे. आणि तिकडून आलेली चारही पत्रं सासऱ्याच्या हातची. 'नागव्वा खुशाल आहे.' खुशाल आहे, तर तिच्या हाताला काय झालंय? हे विचारलं तेव्हा गुरप्पाच म्हणाले होते, फोन येऊ दे, मग विचार पोटभर. आता फोन आला, पण विचारायची जागा त्यांनी गादीखाली घातली.

सकाळी नोंदवलेला गुलबर्ग्याचा कॉल चौथ्या दिवशी दुपारी लागला.

"हॅलो! गुलबर्गा? ट्रंक कॉल? व्हय, गुरप्पाच बोलतोय. कोण, नागव्वा? मोठ्यानं बोल गं!"

बैठकीत रेवणप्पा होते, मोडनिंबचे दोन व्यापारी होते. सिद्धम्मा चौकट धरून उभी राहिली.

"म्हणती बरी हाय!" गुरप्पांनी दाराकडं ओरडून सांगितलं.

"विचारा, पत्र का लिवत न्हाय?"

"तुझी अव्वा विचारती, पत्र का न्हाय? ... येळ मिळत न्हाय म्हणती!"

"जेवती का नीट?"

"जेवती का? ... जेवती म्हणती!"

"विचारा..."

पुढचा प्रश्न मोडनिंबच्या माणसांपुढं ओरडून विचारण्यासारखा नव्हता.

"झालं का? ठेवू?" गुरप्पा म्हणाले.

ठेवू?

सिद्धम्मानं दार ओलांडलं. व्यापाऱ्यांच्या गुडघ्यांमधून, पानाच्या डब्यावरून, थेट गादीपर्यंत. नवऱ्याच्या हातातला रिसीव्हर तिनं काढून घेतला आणि म्हणाली, "उठा. समदे भाईर व्हा."

"अगं, पाव्हणे..."

"पाव्हण्यांना पाय हायत. वायर लांब होत न्हाय म्हणता न्हवं? मग तुमी लांब व्हा. तीनच मिनिटं असत्यात, त्यातलं एक तुमी खाल्लं."

आधी मोडनिंबचा थोरला व्यापारी उठला. मग सगळेच उठले. रेवणप्पा एका पायात आपली आणि दुसऱ्यात पाहुण्याची चप्पल घालून उन्हात जाऊन उभे राहिले. रिसीव्हर गादीवर टाकून तिनं दार लोटलं, परत येऊन तो उचलला.

"नागव्वा, मी बोलती. हितं आता कोण न्हाय. सांग."

पलीकडं पुरुषांचं खाकरणं. तराजूच्या साखळीचा आवाज.

"मी बरी हाय, अव्वा."

तिकडंही फोन गादीपाशीच होता तर. सिद्धम्माला नवऱ्याचा, व्याह्याचा, भिंतीत खिळे ठोकणाऱ्या सगळ्या जगाचा संताप आला. पण आवाज तिनं खाली आणला.

"तू काय सांगू नको. नुसतं व्हय-न्हाय म्हण. पत्र लिवू देत्यात?"

"न्हाय."

"पोटाला देत्यात?"

"व्हय."

"नवरा हात उगारतो?"

"व्हय," नागव्वा म्हणाली. तिकडं पाऊस पडला का, असं कुणी विचारल्यासारखी.

"घरी यायचं हाय?"

"व्हय. व्हय, अव्वा."

मध्ये ऑपरेटरचा आवाज आला, मिनिटं संपली म्हणून. मग नुसती खरखर.

सिद्धम्मा रिसीव्हर ठेवून बाहेर आली. गुरप्पांचा चेहरा लालबुंद झाला होता. "चारचौघांत माझी शोभा केलीस!"

"गुलबर्ग्याला गाडी कधी हाय?"

"कशाला?"

"पोरीला मारत्यात." तिनं हे हळू सांगितलं नाही. समोरच्या ओट्यावरचे लोकही वळले.

"बरी हाय म्हणाली की ती! माझ्या ह्या कानांनी ऐकलं मी."

"तुमाला तसंच म्हणणार. बाजार भरवून विचारल्यावर दुसरं काय म्हणल?"

मोडनिंबच्या थोरल्यानं खाली बघतच सांगितलं, "पाचच्या सुमाराला एक हाय, अक्का."

आत फोन वाजू लागला. गुरप्पा सवय जुनी असल्यासारखे लगबगीनं वळले.

"वाजू द्या," सिद्धम्मा दारात आडवी होत म्हणाली. "चपला घाला. येणार हाय, का मी एकलीच जाऊ?"