सिलिंडरचा बंद कॉक

टाकीत चाळीस लिटर पाणी. पाण्यात पाच सेंटिमीटर खोल बोराएवढी मोजपेटी, तिला दोन बारीक नळ्या. भिंतीशी वायूचे दोन सिलिंडर: एक रिकामा, दुसरा भरलेला, पण त्याचा कॉक बंद. गुरुवारी सकाळी मोजणीचं काम बघणाऱ्या भौतिकतज्ज्ञ लिंदेल्वाने तो कॉक पाहिला.

केप टाउनबाहेरच्या या केंद्रात कर्करोगाच्या गाठींवर न्यूट्रॉनचा झोत सोडतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. तो पाण्यातल्या हायड्रोजनला धडकतो, आणि उडालेला प्रोटॉन जेमतेम मिलिमीटरभर धावत आपली ऊर्जा तिथेच सांडतो. शरीरही बहुतेक पाणीच, म्हणून किरणांची मात्रा आधी पाण्यात मोजायची. पण मोजपेटीतून हायड्रोजनवाला वायू वाहता हवा. साधी हवा शिरली की आकडा खाली येतो.

सोमवारी तो खाली आला होता. झोत मंदावला असं समजून लिंदेल्वाने मात्रा नऊ टक्के वाढवून घेतली. रुग्ण आंटी अडोनिस यांच्या कानाखाली गाठ होती, आणि तिथूनच चेहरा हलवणारी नस जाते. त्यांना वाढीव मात्रा तीनदा मिळून गेली होती. आज बारावी, शेवटची.

"शुक्रवारी मीच बंद केला, पोरी," तंत्रज्ञ फॉर्टाइन म्हणाला. "वायू बोटीने यायला चार महिने लागतात, वाया कशाला घालवायचा? सोमवारी उघडायचा राहिला. पण आकडा पडला तेव्हा मला विचारायचं तरी."

तिने विचारलं नव्हतं. तिने झोतावर संशय घेतला, आपल्या मोजपेटीवर नाही.

तिने कॉक उघडला, तासभर वायू वाहू दिला, आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. मात्रा ग्रे या एककात मोजतात; रोजची ठरलेली १.७० ग्रे, तीन दिवसांत मिळून ०.४६ जास्त गेलं होतं. तेवढं आज कापायचं ठरलं. पण जे त्या नसेपर्यंत पोचलं होतं, ते परत येणार नव्हतं.

आंटी बाहेर बाकावर कूकसिस्टरचा, पाकातल्या तळलेल्या गोडाचा, डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटचा दिवस म्हणून सगळ्यांसाठी आणला होता.

"आंटी, तीन दिवस तुम्हाला जास्त मात्रा गेली. चूक माझी."

त्यांनी गाल चाचपला. "माझं तोंड वाकडं होईल?"

"सांगता येत नाही. वर्षभराने होऊही शकेल."

आंटींनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर वाकड्या तोंडाने मी देवाला शिव्या दिल्या असत्या. आता तुला देईन."

त्यांना आत घेण्यापूर्वी लिंदेल्वाने कमी केलेली मात्रा पाण्यात पुन्हा मोजली. पाच सेंटिमीटर खोलीवर, कॉक उघडा: १.२४ ग्रे.