पंचमीची कणीक

सकाळपासून सुंदराने गोदाची काख तीनदा चाचपून पाहिली होती. आधी काख, मग जांघ, मग मानेखालचा खळगा. वर्षाची पोर गुदगुल्या होऊन खिदळायची आणि आईची बोटं मात्र कुठे सुपारीएवढं काही लागतंय का, तेच शोधत राहायची.

गेल्या माघात थोरल्या लेकाच्या, पोशाच्या जांघेत तसं लागलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. तेरा वर्षांचा होता.

आज पुन्हा माघातली पंचमी होती. पळसदरीच्या भजनशाळेला आज पंचवीस वर्षं पुरी होत होती. कर्जतच्या शाळेतले नाना मास्तर पंचवीस वर्षांपूर्वी याच दिवशी पायी चालत इथे आले होते. घाटातलं रुळांचं काम संपून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्या कामावर लागलेली दारू गावातून गेली नव्हती. नानांनी देवळाच्या पडवीत तिघांना जमवून बसवलं आणि आ लावायला सांगितला. त्या तिघांनीच जंगलात पडलेला खैर ओढत आणला, त्याचं खोड कोरवून पखवाज करून घेतला. तिघांतला मालोजी पुढे अख्ख्या तालुक्यात नावाजलेला गाणारा झाला. तो म्हणायचा, "दारू सुटाया बारा वर्सं लागली, आन् सूर लागाया चौदा. मधली दोन वर्सं नानांनी कशी काडली, त्यांनाच इचारा."

मालोजीही गेल्या माघातच गेला. पोशानंतर सहा दिवसांनी. त्याच प्लेगात आणखी तिघं गेली.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा त्याचा आवाज खाली उतरतो आणि घुमतो. या भाताच्या मुलखात गहू घरात येतो तो सणापुरता. म्हणून पंचमीची कणीक शाळेतल्या सगळ्यांत धाकट्या शिष्याच्या आईने मळून आणायची, अशी रीत पडली होती. ती मानाची कणीक. भजन संपलं की धाकट्यानेच ती खरवडून काढायची आणि मालोजीच्या गाईला घालायची. रात्रभर तशीच ठेवली तर उंदीर येतात, कातडं कुरतडतात. हे नाना पहिल्या दिवशीच प्रत्येकाकडून वदवून घेत.

या वर्षी सुंदराने कुणाची वाट पाहिली नव्हती. तरी नाना दारात येऊन उभे राहिले. काठी टेकत आले होते. गेल्या वर्षी काठी नव्हती.

"सुंदरा, कणीक मळायची ना?"

"मी कशाला, नाना? माजा पोशा..."

"त्याच्यानंतर शाळेत कुणी आलेलं नाही. धाकटा अजून तोच आहे." नानांनी ओटीचा खांब धरला. "आणि ही शेवटचीच. आज वाजवायचं आणि पखवाज खालापूरला आमच्या गावच्या देवळात देऊन टाकायचा. शाळा बंद."

"का पन?"

"का म्हणजे? मुंबईचा पाहुणा मीच आणला होता ना गाण्याला? त्याच्या वळकटीतून प्लेग आला म्हणतात लोक. खरं तेच म्हणतात. पाच माणसं माझ्या हौसेपायी गेली."

नाना गेले. सुंदराने डब्यातलं मूठभर पीठ परातीत घेतलं. मीठ घालायचं नाही, कातडं खराब होतं. पाणी बेताचं घालायचं. हात मळत राहिले आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

गेल्या पंचमीला पोशाने पहिल्यांदा चारचौघांत पखवाज वाजवला होता. मुंबईच्या पाहुण्याने त्याची पाठ थोपटली. पोर हवेत होतं. कणीक काढायची विसरून गेलं. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा धावत गेलं आणि पांढऱ्याफटक तोंडाने परत आलं.

"आये, कनीक उंदरांनी खाल्ली. आन् पखवाजाच्या गवसणीत एक मेलेला हाय."

त्या साली पोरासोरांनाही ठाऊक होतं. उंदीर पडला की पाटलाला सांगायचं आणि त्याच दिवशी गाव मोकळं करून माळावर झोपड्या घालायच्या. गोदा तेव्हा महिन्याची होती, छातीत घरघरत होती. माघातली थंडी, उघडा माळ, गवताची झोपडी. नवरा भिवाजी रुळांच्या डागडुजीवर घाटात होता, आठ दिवसांनी येणार होता. सुंदराने लेकीकडे पाहिलं आणि लेकाला सांगितलं, "शेपटी धरून वड्यात फेक. कुनाला बोलू नको. नाना शाळंतून काडतील."

पोशा गेला आणि फेकून आला. मग हात राखेने घासत बसला. "आये, वास जात नाय गं."

गाव माळावर गेलं, पण पोशा तापाने पडल्यावर. तेवढ्या चार दिवसांत व्हायचं ते होऊन गेलं होतं. भिवाजीलाही तिने काही सांगितलं नव्हतं. आणि गोदा त्या झोपडीत दोन महिने मजेत वाढली.

दुपारी देवळात माणसं जमली. पूर्वी पडवी पुरत नसे, आज मधे मधे जागा रिकाम्या होत्या. बायकांत मालोजीची इंदूबाई पांढऱ्या कपाळाने खांबाला टेकून बसली होती. तिने सुंदराला जवळ जागा दिली, गोदाला मांडीवर ओढलं. वर्षभर ती असंच करत आली होती. पोर गेलेली आई म्हणून तिला सुंदराचा फार कळवळा होता.

नाना उभे राहिले. शाळेची हकिगत सांगू लागले आणि मालोजीच्या नावापाशी अडले. "पुढचं तुम्हांला ठाऊक आहे. माझी चूक. आज शाळेतला आपला हिरामण वाजवील आणि आपण थांबू. आण गं सुंदरा, कणीक."

सुंदरा उठली. केळीच्या पानावरचा गोळा नानांपुढे धरला, पण सोडला नाही.

"नाना, पावण्याच्या वळकटीत काय नव्हतं."

"राहू दे आता ते."

"मानसं पडायच्या आदी उंदीर पडला व्हता. हितंच. पोशानं कनीक काडली नव्हती, त्येच्यावर आले. त्यानं मला सांगितलं. आन् मी..." तिने पान दोन्ही हातांनी धरलं. "मी त्याला सांगितलं, बोलू नको म्हनून. ही महिन्याची व्हती. थंडी लय व्हती, नाना."

इंदूबाईने गोदाला मांडीवरून उचलून हळूच खाली ठेवलं.

"माजं मानूस गेलं तवा तू माज्या गळ्यात पडून रडलीस," ती म्हणाली. "तवा तुला ठाव व्हतं?"

"व्हतं."

इंदूबाई उठली आणि निघून गेली. तिच्यामागे आणखी चौघी गेल्या. पुरुष जमिनीकडे बघत राहिले.

नाना काठी टेकत पखवाजापाशी आले. मग म्हणाले, "वर्षभर मी मुंबईच्या त्या गृहस्थाला एक पत्र लिहिलं नाही." त्यांनी पानावरचा गोळा उचलला, पखवाजाच्या तोंडावर थापला, कडा सारख्या केल्या. "हिरामण, वाजव."

पखवाज घुमला. तीनच अभंग झाले. शेवटी हिरामणने दबकत विचारलं, "नाना, खालापूरला कंदी न्यायचा?"

"न्यायचा नाही." ते सुंदराकडे न बघता बोलले. "पुढच्या एकादशीला या सगळे. आणि कणीक काढल्याशिवाय कुणी देऊळ सोडायचं नाही. पोशाचं काम आजपासून त्याच्या आईचं."

सगळे गेल्यावर तिने नखांनी कणीक खरवडली. कडेला अडकलेला कणही सोडला नाही. ओल्या फडक्याने कातडं पुसलं, कोरडं केलं. गोदाला कडेवर घेतलं. गाय इंदूबाईचीच होती, दुसरीकडे न्यायची रीत नव्हती.

गोठ्याच्या दारात इंदूबाई आडवी उभी राहिली. "आत येऊ नको. हितंच दे."

तिने गोळा घेतला, गाईपुढे धरला. गाय चाटू लागली. पाठ वळवूनच तिने विचारलं, "उंदीर त्यानं हातानं उचलला?"

"शेपटी धरून. मीच सांगितलं तसं."

गाईची जीभ रिकाम्या तळव्यावर फिरत राहिली. इंदूबाईने हात मागे घेतला नाही.

"भ्यायला असंल गं पोर," ती म्हणाली आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं.

सुंदरा बाहेर उभीच राहिली. गोदा कडेवर झोपेला आली होती. सुंदराचा हात नेहमीसारखा तिच्या काखेकडे गेला आणि मधेच थांबला. बोटांना अजून कणीक चिकटलेली होती.