दोनशेच्या खाली

१९६४ साली मल्लेश्वरममधल्या आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. वीजपुरवठ्याची पेटी तयार झाली की, बाहेरून येणारा विजेचा दाब किती उतरेपर्यंत ती बारा व्होल्ट स्थिर देते, हे बनवणाऱ्याने स्वतः मोजायचे आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून पेटीच्या तळाला चिकटवायचा. माझ्या पहिल्या पेटीवर मी लिहिले होते : एकशे ऐंशी व्होल्ट. ते मी मोजले नव्हते. दाब कमी-जास्त करणारा एकुलता एक व्हेरिएक मल्लाप्पांच्या टेबलावर होता, आणि तो मागायला आठवडाभर माझे तोंड उघडले नाही. शेवटी कागदावर गणित केले. ते इतके सुबक सुटले की त्यावर विश्वास ठेवणे सोपे गेले.

पेटी होसकोट्याजवळच्या भूकंपमापकाला लागणार होती. तिथे दिवेलागणीला दाब फार उतरे. जीप चारला निघायची होती. तीन वाजता मल्लाप्पा पेटी बांधायला खोका घेऊन आले. प्रयोगशाळेतले जुने कारागीर, बेळगावकडचे, पन्नाशीचे, सगळ्यांचे अण्णा. त्यांनी पेटी उलटी करून चिठ्ठी वाचली.

"एकशे ऐंशी? माझा व्हेरिएक तर जागचा हलला नाही की हो, साहेब. दाब काय फुंकर मारून उतरवलासा?"

त्यांनी व्हेरिएक उचलून आणला, पेटी त्याला जोडली, पेटीच्या दुसऱ्या टोकाला लावलेला हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि दाब उतरवू लागले. दोनशे तीस : शांतता. दोनशे दहा : शांतता. दोनशेच्या खाली दूरच्या भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली. मीटरचा काटा मात्र बारालाच चिकटलेला.

"काटा सरासरी सांगतो," अण्णा म्हणाले. "आतला दाब लाटेगत वरखाली होतोय. लाट खाली गेली की दाब धरून ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही, आलं तसं पुढं सोडतो. गणितात तुम्ही लाटेचा मध्य धरलासा. तळ कुणी धरायचा?"

ती गुणगुण जमिनीच्या थरथरीत मिसळली असती आणि महिन्याच्या नोंदी वाया गेल्या असत्या. माझी उमेदवारीही त्याच महिन्यात संपत होती; नोकरीत कायम करायचे की नाही, हे विभागप्रमुख विश्वासराव ठरवणार होते.

"विश्वासरावांना मी सांगू?" अण्णांनी हळूच विचारले.

मी मान हलवून नको म्हणालो.

विश्वासराव जीपपाशी उभे होते.

"सर, पेटी आज जाणार नाही. तो आकडा मी मोजला नव्हता." माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी घड्याळ पाहिले. "किती दिवस?"

"दोन. ट्रान्सफॉर्मरचे वेढे वाढवतो, म्हणजे लाटेचा तळही वर राहील."

"मग पूर्ण दाबाला ट्रान्झिस्टर तापेल, रत्नाकर."

"उष्णता ओढायला मोठा पत्रा लावू की, त्यात काय!" मागून अण्णा.

विश्वासरावांनी जीप रिकामी पाठवली. उमेदवारीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

अण्णा न तपासता खोका बांधून निघून गेले असते, तर त्यांना कुणीही बोल लावला नसता. हे अजूनही मनात येते. ते मी त्यांना कधी सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी ते वेढे घालायच्या यंत्राचा दांडा फिरवत होते आणि मी मनात मोजत होतो.

"मोठ्यानं, साहेब! मनातलं मला ऐकू येत नाही."

मी आवाज चढवला. शेजारच्या खोलीतून दोघे डोकावून हसले. मी मोजत राहिलो.