मागचे ब्रेक

गाडीचे मागचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसव, असं ताई म्हणाली तेव्हा मी आधी चिडलो. कुठलंही काम आलं की मी आधी चिडतो आणि मग ते करतो. म्हणून ती मला खडूस म्हणते, आणि गॅरेजमध्ये येणारी गिऱ्हाइकंही आता तेच म्हणायला लागली आहेत. गाडी आमची, म्हणजे तिची. शर्यतीची छोटी हॅचबॅक, आतून सोलून काढलेली. मागची सीट नाही, दारांना आतून नुसता पत्रा, आणि डोक्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. ती चालवते, मी सांभाळतो. लग्नाबिग्नाच्या भानगडीत आम्ही दोघंही पडलो नाही, त्यामुळे आईच्या मते ही गाडीच आमचं पोर आहे, आणि तेही वाया गेलेलं.

"ड्रम तापतात," ताई म्हणाली. "सरळ रस्ता संपून उजवं वळण येतं ना, तिथे दाबते तर गाडी थांबतच नाही. दोनदा बाहेर गेले."

"आत्तापर्यंत बरी थांबत होती."

"आत्तापर्यंतचं सोड. रविवारी शर्यत आहे. बसवतोस की दुसऱ्याकडे जाऊ?"

दुसऱ्याकडे जायची धमकी ती नेहमीच देते. दुसरा कोणी तिचं एक दिवसही ऐकून घेणार नाही, हे तिलाही माहीत आहे.

मी तिला समजावून पाहिलं. ड्रममध्ये लायनर आतून घासतात, आणि फिरता ड्रम त्यांना आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट बसवतो. म्हणजे थोडं काम तो फुकट करून देतो. डिस्कचं तसं नाही. तिला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, आणि पाय जेवढं देईल तेवढंच मिळतं. त्यात पायाचा भार हलका करणारा बूस्टर आम्ही कधीच काढून टाकला होता, तोही तिच्याच हट्टापायी. ब्रेक पायाला कळला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

"डिस्कला पाय जास्त लागेल," मी म्हणालो.

"माझ्या पायाला काय धाड भरलीय?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे मागच्या डिस्क, ब्रॅकेट आणि पॅड दाबणारे चिमटे, म्हणजे कॅलिपर, आणले. गाडी स्टँडवर चढवली, चाकं काढली, लाकडी हातोडीने ठोकून ड्रम सुटे केले. ब्रेक खरंच एवढे तापत असतील तर ड्रमच्या आत निळे डाग पडतात, लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात. मी दिवा धरून पाहिलं. निळा डाग औषधालाही नव्हता. लायनर अर्ध्याहून जास्त शिल्लक होते, सिलिंडर कोरडे ठणठणीत. दोन्ही बाजूंना तेच.

"ताई, यांना काहीही झालेलं नाही," मी जिन्याच्या दिशेने ओरडलो. आमचं घर गॅरेजच्या वरच आहे.

"मग तूच नीट जुळवले नसशील," वरून उत्तर आलं.

झालं. शब्दाने शब्द वाढला. मी म्हणालो, की वळणावर ब्रेक कधी दाबायचा हे विसरली असशील, वय झालं. ती खाली आली नाही. एरवी एवढ्यावरून ती तावातावाने खाली आली असती आणि माझ्या हातातला पाना हिसकावून घेतला असता. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं, पण मी रागात होतो आणि रागात मला काम फार छान जमतं.

मागची जुनी प्लेट सोडवली, तिथे ब्रॅकेट कसलं, हबवर डिस्क चढवली, कॅलिपर बसवले. हँडब्रेकची केबल आखूड पडली, ती बदलली. ब्रेक ऑइलचे नवे होज लावले. मागच्या चाकांना दाब जास्त झाला तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून तो कमी-जास्त करता येईल असा व्हॉल्व्ह टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं. काम इतकं नीट झालं होतं, की कधी नव्हे ते मी स्वतःवर खूश होतो. राहिलं होतं फक्त एअर काढणं.

हे दोघांचं काम. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबायचा आणि धरून ठेवायचा, दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरचं निपल, म्हणजे छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचं, म्हणजे ऑइलबरोबर आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. दाब, धर, सोड. आमच्याकडे दाबायला कायम ताईच. इतकी वर्षं तिचा पाय मला पान्याच्या टोकाला कळत आलाय. निपल सैल केलं की ऑइल अशा जोराने यायचं की निपलला लावलेली प्लॅस्टिकची नळी बाटलीतून उडी मारायची, आणि मी तिला शिव्या घालायचो.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

मी निपल सैल केलं. ऑइल आलं, पण आजारी माणसाने गुळणी टाकावी तसं, ओघळत. बुडबुडा एकही नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर निपल खाली येतं आणि हवा वर कोंडून राहते. पाहिलं, निपल वरच होतं. होज पिळलेला नव्हता. गळती कुठे नव्हती. दुसरं चाक घेतलं, तिथेही तेच रडगाणं.

"ताई, जरा जोर लाव की! झोपलीस का?"

"धरलंय म्हटलं ना!"

तिचा आवाज धापा टाकल्यासारखा आला. मी पाना ठेवला, उठलो आणि दारापाशी गेलो. ताई सीटवर पुढे वाकून बसली होती. उजवा पाय ब्रेकवर होता आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली दाबून धरला होता. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, पण हात काढले नाहीत.



बाबांचं असंच सुरू झालं होतं. उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मग चपला खराब निघाल्या. मग फरशी गुळगुळीत होती. मग जिन्याच्या पायऱ्या वेड्यावाकड्या होत्या. घरातली एकेक वस्तू दोषी ठरवून झाली आणि शेवटी पाय उरला. नसांचा आजार. पायांनंतर हात, हातांनंतर जीभ, आणि सगळ्यात शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख, ते सगळं बघायला. हा आजार घराण्यात उतरतो का, असं आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, की उतरेलच असं नाही आणि उतरणार नाही असंही नाही. रक्ताची तपासणी असते. ती आम्ही दोघांनीही केली नाही. त्यावर कधी बोललोही नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीपासून." तिने गुडघा सोडला. ब्रेकचं पेडल सुस्कारा टाकत वर आलं. "आधी बूट बदलले. मग म्हटलं ब्रेक."

एखाद्याला अशा वेळी रडू येतं. मला राग आला. मी तिला म्हणालो, की तू खोटारडी आहेस, दोन दिवस माझ्याकडून ढोरासारखं काम करून घेतलंस, माझ्या कामाला नावं ठेवलीस. तिने सगळं ऐकून घेतलं. ती ऐकून घेतेय हेच मला सहन होईना.

"रविवारी एकदाच," ती म्हणाली. "शेवटचं. मग नाही बसणार."

"त्या वळणावर तू एकटी नसतेस, ताई. आजूबाजूला दहा गाड्या असतात."

"मला शिकवू नकोस."

"मग काय करू? टाळ्या वाजवू?"

ती म्हणाली, "गेज लाव. मला आकडा बघू दे. तुझं तोंड बघून मी काही ठरवणार नाही."

कॅलिपरचं निपल काढून तिथे दाबाचं गेज बसवलं की पाय किती जोर देतोय ते काट्यावर कळतं. मी ते बसवलं. ताईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, मला दिसतील असे, आणि दाबलं. काटा तिशीपाशी जाऊन थरथरला. पूर्वी ती सहज नव्वदच्या पुढे न्यायची.

"किती?"

मी सांगितलं. तिने एकदाच मान हलवली. मग दाराचा आधार घेत खाली उतरली.

"आता तू बस."

"मी कशाला?"

"बस म्हणते ना."

मग मला कळलं: तिला आता माझ्या पायाचा आकडा बघायचा होता. ती गाडीला धरत धरत मागच्या चाकापाशी गेली आणि गेजसमोर जमिनीवर बसली. मी सीटवर बसलो. ती सीट तिच्या मापाची, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. आयुष्यभर अंगाखाली असलेला पाय, पण त्या वेळी तो मला कुणा दुसऱ्याचा वाटला. मी ब्रेक दाबला.



"किती?"

"सोड. परत दाब."

"अगं, किती ते सांग ना!"

"परत."

मी परत दाबला. तिने तिसऱ्यांदाही दाबायला लावलं. दात-ओठ खाऊन दाबला, सीटमागचा पाइप करकरला.

"शंभर," ताई म्हणाली. "तिन्ही वेळा शंभर."

माझा जीव भांड्यात पडला. छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर आला की मलाच ऐकू आला, आणि बहुतेक मी हसलोही. मग माझं लक्ष बाहेरच्या आरशात गेलं. ताई मागच्या चाकापाशी बसून त्याच आरशातून माझ्याकडे बघत होती.

मी तोंड सरळ करायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता.

"बरं वाटलं ना?" तिने विचारलं.

काहीतरी खोटं बोलायला हवं होतं.

"हो," मी म्हणालो.

"मलाही वाटलं." तिने गेजवर बोटाने टिचकी मारली. "आणि तुझा रागही आला. आत्ता खूप आलाय. जाईल तो."

मी उतरून तिच्याजवळ गेलो. आमच्यात जवळ घेण्याची पद्धत नाही, त्यामुळे मी नुसताच उभा राहिलो. नवी डिस्क तिच्या खांद्यापाशी चकाकत होती.

"रविवारचं नाव काढून टाकते," ती म्हणाली. "गाडी खाली उतरव आता. आणि आईला तू सांग. बाबांच्या वेळी मी सांगितलं होतं."

"मी काय सांगू?"

"ते मला काय विचारतोस? मीही कुणाला विचारलं नव्हतं."

मी हात पुसले. ऑइल निघेना, तसाच वर गेलो. आई खिडकीपाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं होतं: आधी ब्रेकचं बोलायचं, मग शर्यत रद्द झाल्याचं, मग हळूहळू बाकीचं.

"आई, ते मागचे ब्रेक..." मी सुरुवात केली आणि ऑइलचे हात पुन्हा शर्टाला पुसायला लागलो.

आईने सुई कापडात खोवली. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कुणाला?" तिने विचारलं. "तुला की तिला?"