चढणाऱ्याच्या घरी

"हळू गं! पाठ आहे माझी, करपलेली कढई नव्हे."

तार्सुन पालथा होऊन कुरकुरत होता. कासिनेम तेलात बुडवलेलं नाणं त्याच्या पाठीवरून खसाखसा ओढत होती. लाल वळ उठले की अंगात शिरलेला वारा निघतो म्हणतात. दीड वर्षात एवढे वळ उठले होते, की एव्हाना एखादं वादळ निघून जायला हवं होतं.

शिवाय दुखणं पाठीत नव्हतंच. ते जांघेत होतं, आणि तिथून पुढे चारचौघांत सांगता येणार नाही अशा जागी. लघवी तपासली, स्वच्छ. खडा नाही, गाठ नाही. शेजारचा दार्कुम डोळा मारून म्हणाला, "बाजाराच्या दिवशी कुठे गेला होतास, ते वहिनींना सांगून टाक एकदा!" कासिनेम सगळ्यांबरोबर हसली, आणि आठवडाभर नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे चाचपत राहिली.

पण आज सकाळी रस घेऊन माडावरून उतरताना तार्सुन अर्ध्यात थबकला. डावा पाय खोडातल्या खाचेत टेकलाय की नाही, ते त्याला वाकून बघावं लागलं. खाली उभ्या कासिनेमच्या तोंडचं पाणी पळालं. असे चौदा माड, दिवसातून दोनदा. नाणं ठेवून तिने त्याला दवाखान्यात ओढतच नेलं.

डॉक्टरबाई शहरातल्या, नव्या. "मणक्यात नस दाबली गेली, तर दुखणं भलतीकडेच जाऊन बसतं. कधी माडावरून पडलात का?"

तार्सुनने घाईघाईने टेबलाचं लाकूड ठोकलं. "छे छे! अभद्र बोलू नका, बाई."

चढणाऱ्याच्या घरी तो शब्द काढत नाहीत, माड ऐकतो. दोन वर्षांपूर्वी तो भातशेताच्या चिखलात पाठीवर आदळला, तेव्हाही सगळे म्हणाले, 'आज जरा लवकर उतरला.' तोही हसला, आणि दुपारी पुन्हा चढला.

"मग नसेल तसं काही," बाई लिहू लागल्या. "आठवडाभर गोळ्या घ्या, बघू."

"चल गं, दुपारचे माड राहिलेत." तार्सुन सुटल्यासारखा उठला. उठताना त्याचा डावा पाय जमिनीवर जरासा फरफटला.

कासिनेम उठली नाही. बोलावं तर माड ऐकणार. न बोलावं तर तो पाय तासाभरात खाचेवर असणार.

"काय झालं? ऊठ ना!"

तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"हे पडले होते, बाई," ती म्हणाली. "माडावरून. पाठीवर पडले होते."