लायब्ररीवाल्या मॅडमचा स्कॅनर

बोलणारा मी, स्कॅनर. पुढे लाल डोळा, खाली मूठ, आणि वस्तूवरच्या काळ्या रेघा दिसल्या की ‘टीं’ करायचं, एवढंच माझं काम. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चांगला नाही. मी जळका आहे.

जन्म कारखान्यात झाला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. पट्ट्यावरून येणारे आम्ही सगळे एकसारखे. माणसांत आलो तो मॅडमच्या व्हिडिओ लायब्ररीत. सिनेमांच्या डिस्क भाड्याने द्यायचं त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक डिस्क पुढे करायचं, मॅडम मला उचलायच्या, टीं. त्यांच्या अंगठ्याने माझं बटण झिजून गुळगुळीत झालं. दुसऱ्या कुणी मला हात लावलेला त्यांना खपायचा नाही, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग लोक फोनवर सिनेमे बघायला लागले आणि दुकान बसलं. काउंटर गेला, पंखे गेले, पाटीसुद्धा भंगारात गेली. मॅडमनी उरलेल्या डिस्क आणि मला तेवढं घरी आणलं. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नोकरीला दुसऱ्या शहरात. संध्याकाळी त्या मला हातात घ्यायच्या आणि एकेक डिस्क टीं करून कॉम्प्युटरवरच्या यादीत चढवायच्या, मग भिंतीवरच्या फळीवर लावायच्या. घाई कसलीच नव्हती. घरात आम्ही दोघंच, मला अजून काय हवं होतं?

आणि तेवढ्यात हा उगवला. दातांचा डॉक्टर. मी त्याला दातवाला म्हणतो. बायको वारलेली, हात थरथरायला लागला म्हणून दवाखाना बंद केलेला, आणि सिनेमाचं वेड थेट मॅडमइतकं. आधी ओळख, मग फिरायला जाणं, आणि एक दिवस दोघं सह्या करून लग्न लावून आले. महाशय आपल्या डिस्कची खोकी घेऊन राहायलाच आले. मॅडम त्याच्यासाठी चहा करायच्या, त्याच्या शर्टाचं बटण लावून द्यायच्या, आणि इकडे माझ्यावर धूळ. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लेक सुट्टीवर आली ती नियम घेऊनच. “आई, भिंत एकच आहे. काका, तुमच्या डिस्कपण यादीत घालू या. यादीत असेल तेच फळीवर. आणि एखादा सिनेमा दोनदा निघाला, तर त्यातली एक डिस्क देऊन टाकायची.”

माझी तर चंगळच झाली. मॅडमच्या डिस्क यादीत आधीपासून होत्या. त्यामुळे त्याची तीच डिस्क माझ्यापुढे आली की पडद्यावर लाल अक्षरं यायची, ‘आधीच आहे’, आणि तिची रवानगी द्यायच्या खोक्यात. दोघांची आवड सारखी, त्यामुळे लाल अक्षरांना खळ नव्हता. मी इतक्या खणखणीत आवाजात दुकानातही बोललो नसेन. तो दर वेळी हसून म्हणायचा, “असू द्या, तुमचीच ठेवा.” मी मनात म्हणायचो, जा बाबा, तूही त्याच खोक्यात बस आणि जा.

लेक परत गेली. त्याचं एकच खोकं बघायचं राहिलं होतं, मॅडमकडे नसलेल्या सिनेमांचं. मॅडम बाजारात गेल्या होत्या, तेव्हा त्याने मला उचललं. माझा लाल उजेड रेघांवर नाचायला लागला. मी गप्प. लबाडी केली नाही, हात हलला की मला वाचताच येत नाही. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याने दोन्ही हातांनी धरून पाहिलं, कोपर टेबलाला टेकवून पाहिलं. शेवटी ते सगळं खोकं त्याने द्यायच्या खोक्याशेजारी नेऊन ठेवलं.

मॅडम आल्या. “हे इथे का? हे तर आपल्याकडे नाहीत.”

“यंत्र घेत नाहीये हो माझ्याकडून. राहू द्या, तेवढीच जागा मोकळी.”

मॅडम पिशवी न ठेवताच भिंतीकडे बघत राहिल्या. “डॉक्टर, या भिंतीवर तुमचं काय आहे?”

“मी आहे ना घरात. पुरे की.”

“नाही पुरत. पाहुण्यासारखंच राहायचं होतं, तर लग्न कशाला केलंत?”

त्यांनी द्यायचं खोकं जमिनीवर उपडं केलं. त्याची एकेक डिस्क उचलून फळीवर ठेवली आणि तिथली आपली, दुकानातली, खोक्यात टाकली. मी हजारदा वाचलेल्या डिस्क होत्या त्या.

मग फक्त त्याच्याकडे असलेल्या सिनेमांचं ते खोकं पुढे ओढलं आणि मला त्याच्या हातात दिलं. “करा यादी,” त्या म्हणाल्या.

“मला नाही जमत. तुम्हीच करा.”

मला वाटलं, आता मला त्याच्याकडून काढून घेतील. तसं झालं नाही. त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि घट्ट धरला. थरथर थांबली. रेघा स्वच्छ दिसल्या आणि मला टीं करावंच लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा तळवा माझ्यापर्यंत पोचला नाही. मधे त्याचा हात होता.

यादी पूर्ण झाली. मी फळीच्या टोकाला असतो, डोळा भिंतीकडे. संध्याकाळी दोघं सिनेमा बघत बसतात. मला नुसता आवाज येतो, आणि मी जळतो. मॅडम, त्याला घालवा असं आता मी म्हणत नाही. पण कधी तो झोपला असेल, तर घटकाभर मला एकट्याला हातात घ्या. वाचायला काही नसलं तरी चालेल.